भाकिते पुरे, बेगमी हवी

दिवाळीचा अंक घरात आला की पहिली झडप पडते ती शेवटच्या पानांतल्या वार्षिक राशिभविष्यावर, हे संपादकांनाही ठाऊक असते आणि वाचकांनाही. त्यात वाईट काही नाही. गुरू कोणत्या घरात आला आणि शनी कोणाच्या मानगुटीवर बसला, हे चकली खाता खाता वाचण्यात गंमत असते. परंतु ज्या घरात हे भविष्य वाचले जाते, त्या घरातली गृहिणी त्यावर विसंबून स्वयंपाकघर चालवीत नाही. 'यंदा धनलाभ' असे छापलेले वाचून तिने डाळीचा डबा रिकामा राहू दिला, असे कधी कोणी ऐकले आहे काय? तिचा कारभार निराळ्या सूत्रावर चालतो. पाऊस आठ दिवस हटला नाही तर, पाहुणे अवचित आले तर, पगार लांबला तर, घरात कोणी आजारी पडले तर, अशा चारपाच 'तर' तिने मनाशी मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीची थोडीथोडी तजवीज फडताळात करून ठेवलेली असते. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, कुरडया, पापड, बरणीतले लोणचे, डब्याच्या तळाशी राखलेले पसाभर तांदूळ, ही त्या 'तर'ची उत्तरे होत. या शहाणपणाला मराठीत एक जुना, नेटका शब्द आहे: बेगमी.

आमचे म्हणणे सरळ आहे. या देशाच्या अन्नाचा कारभार भाकितावर चालतो, बेगमीवर चालत नाही. सरकारे राशिभविष्य वाचतात आणि डबे तपासत नाहीत. भाकीत बरोबर आले तर श्रेय घेतात आणि चुकले तर आभाळाकडे बोट दाखवितात. यात होरपळतो तो एकीकडे पिकविणारा आणि दुसरीकडे रोजच्या रोज विकत घेऊन खाणारा. मधली सगळी मंडळी सुखरूप असतात.

आरोप मोठा आहे, तेव्हा पुरावा दिला पाहिजे. २०२२ साली फेब्रुवारीत सरकारने गव्हाचे भाकीत केले ११ कोटी १३ लाख टनांचे. विक्रमी आकडा. तिकडे रशियाने युक्रेनवर स्वारी केली, जगात गव्हाची ओरड झाली, आणि एप्रिलात आपल्याकडे साऱ्या जगाला जेवू घालण्याची भाषा सुरू झाली. दरम्यान मार्च महिना असा तापला की, १२२ वर्षांच्या नोंदींत तसा मार्च देशाने पाहिला नव्हता. दाणा भरण्याच्या ऐन वेळी गहू करपला. सरकारी खरेदी आदल्या वर्षी सुमारे ४३३ लाख टन झाली होती, ती १८८ लाख टनांवर आली. १२ मे रोजी सरकारने जाहीर केले की, गव्हाची निर्यात वाढविण्यासाठी नऊ देशांत शिष्टमंडळे पाठविली जातील. १३ मे रोजी निर्यातबंदी झाली. एका रात्रीत! शिष्टमंडळाच्या सदस्यांनी बॅगा भरल्या होत्या की नव्हत्या, कोण जाणे.

आता कोणी म्हणेल, मार्च तापणार हे कोणाला ठाऊक होते? कोणालाच नव्हते, आणि तसे ठाऊक असण्याची गरजही नव्हती. मार्च तापू शकतो, एवढे ठाऊक असणे पुरे होते. 'तापला तर काय करायचे' हे जानेवारीत कागदावर असते, तर मे महिन्यात ही त्रेधा उडाली नसती. चूक आकड्याची नव्हती. एकच आकडा धरून बसण्याची होती.

दुसरा दाखला आपल्या सर्वांच्या पोळीशेजारच्या वाटीतला आहे. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. घरोघरी वरण पातळ झाले. मग सरकार जागे झाले. हमीभाव वाढला, 'तूर लावा' म्हणून सांगणे झाले, शेतकऱ्याने विश्वासाने तूर लावली, पाऊस बरा झाला, आणि देशाचे पीक एका वर्षात २५-२६ लाख टनांवरून ४८-४९ लाख टनांवर गेले. त्याच सुमारास, जुलै २०१६ मध्ये, मोझांबिक देशाशी पाच वर्षे डाळ आणण्याचा करारही झाला होता. म्हणजे घरचे पीक दुप्पट झाले आणि बाहेरूनही माल येत राहिला. हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यातल्या खरेदी केंद्रांवर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या आणि खरेदी कशामुळे अडली? तर बारदाना नाही म्हणून! ज्या देशाने समुद्रापलीकडच्या शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार केला, त्याला आपल्या शेतकऱ्याचा माल भरायला गोणपाट पुरले नाही. 'पीक उदंड आले तर?' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. टंचाईचे भय सर्वांना वाटते. सुबत्तेचीही बेगमी करावी लागते, हे मात्र सुचत नाही.

कांद्याची गोष्ट तर सांगायलाच नको. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातकर, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये ती उठविणे. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा तो कांदा रस्त्यावर ओतला जातो, आणि शहरात भाव चढतो तेव्हा आपण ओरडतो. येथे वाचकांना एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. ही बंदी आपल्या ओरडण्याला भिऊन येते. कांदा साठ रुपये झाला की मंत्रिमंडळे हादरतात. तोच कांदा पाच रुपये झाला तर कोणाच्या खुर्चीचा पायही हलत नाही. आपला आवाज मोठा आहे आणि तो एकाच बाजूने निघतो. तेव्हा या दोषात सरकारचा वाटा मोठा असला, तरी आपल्या ताटाचाही थोडा आहे.

ज्याला आम्ही बेगमी म्हणतो, त्याला आजच्या विद्वानांच्या भाषेत 'फोरसाइट' आणि 'सिनॅरिओ प्लॅनिंग' अशी भारदस्त नावे आहेत. ही विद्या मूळची काही पुण्यवान नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हर्मन कान नावाच्या गृहस्थाने अणुयुद्ध झालेच तर काय काय होईल, याची चित्रे मांडली. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत 'शेल' या तेल कंपनीत पिएर व्हॅक या फ्रेंच गृहस्थाने तीच रीत धंद्याला लावली. तेल स्वस्तच राहील असे धरून सगळे चालले असताना त्याने वरिष्ठांपुढे निराळे चित्र ठेवले: तेल पिकविणारे देश एकत्र आले आणि त्यांनी तोटी आवळली तर? १९७३ च्या ऑक्टोबरात तसेच झाले, आणि ज्यांनी ते चित्र आधी मनाशी घोळवले होते ते इतरांइतके गडबडले नाहीत. व्हॅकने तारीख सांगितली नव्हती. त्याने आपल्या माणसांना तारखेशिवाय तयार राहायला शिकविले.

अन्नाच्या बाबतीत याचा अर्थ काय? पुढचे वर्ष कसे जाईल, हे सांगायचे नाही. ते तीनचार तऱ्हांनी जाऊ शकते, एवढे मानायचे. एक, पाऊस वेळेवर आणि पुरेसा. दोन, मृगाच्या पेरणीनंतर महिनाभराची ओढ. तीन, वर्षभर रखडून ऐन काढणीला अतिवृष्टी. चार, लागोपाठ दोन वर्षे अवर्षण. प्रत्येक चित्रात कोणते पीक टिकेल, कोणाची चूल विझेल, कोणते गोदाम उघडायचे, कोणते बियाणे द्यायचे आणि हे सारे कोणी, कोणत्या तारखेला करायचे, हे आधी लिहून ठेवायचे. मग चारही चित्रांत उपयोगी पडेल असे जे काम असेल, त्याला आज हात घालायचा. एवढीच ही विद्या. वेधशाळा 'सरासरीच्या इतके टक्के' पाऊस सांगते ते तिचे काम आहे. पण सरासरीवर पीक येत नसते. पीक येते ते आर्द्रात पडलेल्या आणि हस्तात पडलेल्या पावसावर.

आणि ही विद्या आपल्याला तेल कंपनीने शिकवावी, इतके का आपण अडाणी होतो? कोरडवाहू रानातला शेतकरी पाभरीमागे मोघण लावून बाजरीत तूर पेरीत आला, ते काय हौसेने? पाऊस लवकर गेला तर बाजरी घरात येते. मागाहून आला तर खोल मुळांची तूर तगते. दोन्ही गेली तर बांधावरचा हुलगा जनावरांच्या तरी तोंडी लागतो. चार चित्रे त्याने एकाच शेतात पेरलेली असत. त्याच्या अंगणात कणगी होती, जमिनीत पेव होते, आणि बियाण्याच्या दाण्याला उपाशी असतानाही हात लावायचा नाही, असा दंडक होता.

पण जुन्या काळाचे गोडवे गात बसण्याचा आमचा इरादा नाही. पेव ज्याच्या घरी होते, त्याच्याच घरी ते होते. ज्याला जमीनच नाही त्याने काय पुरून ठेवायचे? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दक्षिणेतली लाखो माणसे मेली, ती घरात बेगमी करण्याची अक्कल नव्हती म्हणून नव्हे. घरगुती बेगमी एका मर्यादेपलीकडे पुरत नाही. पुढची बेगमी राज्याने करायची असते, आणि तीही दया म्हणून नव्हे, नियम म्हणून.

त्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता निघाल्या. परक्यांचे राज्य होते, हात आखडता होता, पोटाला जेमतेम पुरेल इतकीच मजुरी देण्याकडे कल होता. ते सारे खरे. तरी त्या संहितांतले एक तत्त्व आजही वाखाणण्यासारखे आहे. धान्याचा भाव चढू लागला, माणसे गाव सोडून भटकू लागली, भुरट्या चोऱ्या वाढल्या, की ही चिन्हे समजायची. आधी चाचणीची कामे काढायची. त्यांवर गर्दी झाली की दुष्काळी कामे सुरू करायची. ज्यांना काम करवत नाही त्यांना फुकट अन्न द्यायचे. काय पाहायचे आणि पाहिल्यावर काय करायचे, हे दोन्ही आधी लिहिलेले.

त्यात एकच भोक राहिले, आणि त्या भोकातून १९४३ साली बंगालमधली लाखो माणसे गेली. चौकशी आयोगाने हा आकडा १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात धरला. संहिता होती, चिन्हे तर रस्त्यावर मरून पडली होती; पण संहितेनुसार 'दुष्काळ' जाहीरच केला गेला नाही. जाहीर केला असता तर धान्य द्यावे लागले असते. येथे आमच्या वादाचा गाभा आहे. दूरदृष्टीचा कागद कितीही सुरेख असो, तो अमलात आणणे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याची मर्जी फिरली की तो कागद रद्दीत जातो. आपल्याकडच्या पैसेवारीचेच पाहा. पन्नास पैशांच्या आत पीक आले की टंचाई, हा जुना हिशेब; पण तो पक्का होतो पीक हातचे गेल्यावर. २०१६ साली केंद्राने नवी दुष्काळ नियमावली केली. पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहांनी टिपलेली हिरवळ असे निकष आले. चांगले झाले. पण जाहीर करणे न करणे पुन्हा सरकारच्याच हाती राहिले. चिन्हे अधिक बारीक दिसू लागली, इतकेच.

याउलट जेथे मर्जीच्या जागी हक्क आला, तेथे काय घडले तेही आपल्याच राज्याने दाखविले आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या आठवणीत आहे अशी माणसे आजही घरोघरी आहेत. परदेशची लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. इतक्या भयंकर दुष्काळात भूकबळींचा डोंगर झाला नाही, ही महाराष्ट्राने केलेली मोठी गोष्ट आहे. परंतु किती ठिकाणी नुसतीच खडी फोडली गेली! ते रस्ते कधी झालेच नाहीत आणि ती खडी वर्षानुवर्षे ढिगाने पडून राहिली. कारण कोणती कामे काढायची, हे आधी ठरलेले नव्हते. माणसे आली, तेव्हा काम शोधायला निघाले.

वि. स. पागे यांनी हे आधीच ओळखले होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात त्यांनी रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला. मागेल त्याला काम, आणि कामे आधीपासून आखलेली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तोच विचार उचलला. या कल्पनेचे मोठेपण असे की, दुष्काळ केव्हा येणार, हे कोणी सांगण्याची तिला गरज नाही. माणूस काम मागायला आला, हेच तिचे पर्जन्यमापक यंत्र.

आणि हे फुकट झाले नाही. नोकरदार वाचकांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, अशी वर्षाची अडीच हजारांची वजावट आढळेल. हा कर १९७५ साली बसला, तो रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. दुष्काळी गावातल्या मजुराला शहरातल्या कारकुनाने द्यायचा तो हात होता. आज किती जणांना हे माहीत आहे? आपण पन्नास वर्षे बेगमीचा हप्ता भरतो आहोत आणि विमा कशाचा उतरविला आहे, हे विसरून गेलो आहोत. ज्याने हप्ता भरला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो. तो आपण एकदाही बजावलेला नाही.

भाकित करणाऱ्यांनी आपल्याला दोन्ही बाजूंनी फसविले आहे. १९६७ साली पॅडॉक बंधू नावाच्या दोघा अमेरिकनांनी पुस्तक लिहून सांगितले की, १९७५ पर्यंत जगात महादुष्काळ येणार, आणि हिंदुस्थान वाचण्यापलीकडे गेला आहे. त्याला धान्य देऊन काय उपयोग? दुसऱ्याच वर्षी गव्हाचे असे पीक आले की साठवायला जागा अपुरी पडली. भाकीत साफ आपटले. पण आपल्या आनंदात आपण त्याच वर्षीचा एक आवाज ऐकला नाही. जानेवारी १९६८ मध्ये वाराणसीच्या विज्ञान परिषदेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी इशारा दिला होता: जमिनीतले पाणी बेसुमार उपसले, खते-औषधांचा अविचाराने मारा केला आणि गावोगावच्या नाना वाणांच्या जागी एकदोनच वाण लावले, तर ही क्रांती आपल्याला महागात पडेल. ज्या माणसाने ती क्रांती घडविण्यात हात लावला, तोच हे सांगत होता. आज पंजाबात जमिनीत वर्षाला जितके पाणी मुरते, त्याच्या सुमारे दीडपट उपसले जाते. स्वामिनाथन भविष्य सांगत नव्हते. 'असे केले तर तसे होईल' एवढेच म्हणत होते. आपण त्यांना पुरस्कार दिले आणि त्यांचा 'तर' बाजूला ठेवला.

आपल्या राज्यात त्या 'तर'चे नाव ऊस आहे. लागवडीखालच्या एकूण जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास जागा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्यातला जवळजवळ सत्तर टक्के वाटा पिते, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच आपल्या अहवालात म्हटले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच मराठवाड्यात उसाचे कारखानेही होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात पुराने उभी पिके आणि त्यांच्याखालची मातीही वाहून नेली. एकाच भूमीने नऊ वर्षांत दोन्ही टोके पाहिली. सरासरी काढली तर मराठवाड्याचे छान चालले आहे!

तिकडे ज्वारीचे काय झाले? १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ज्वारी होती. आता ते क्षेत्र निम्म्याहून कितीतरी खाली गेले आहे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी हस्ताच्या एका पावसावर, जमिनीतल्या ओलाव्यावर उभी राहते. तिची भाकरी माणूस खातो आणि कडबा बैल खातो. तिच्या रानात सोयाबीन आले, ते पन्नास लाख हेक्टरांच्या घरात पोचले. सोयाबीनचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांना जाते. २०२४ साली त्याला हमीभावही धड मिळाला नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळत असताना ज्वारी विकत कोण घेणार? २०२३ साली भारताच्या आग्रहावरून साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष साजरे केले. मोठ्या हॉटेलांत नाचणीची बिस्किटे मिळू लागली. पण रेशनच्या पिशवीत ज्वारी किती पडली, हा प्रश्न साजरे करणाऱ्यांना कोणी विचारला नाही. ओडिशाने २०१७ पासून नाचणीची मोहीम हाती घेऊन खरेदीपासून रेशनपर्यंतची वाट बांधायला सुरुवात केली. ज्वारीचा देश म्हणविणाऱ्या आपल्याला ते का जमू नये?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला हिशेबी माणसांचा: साठे करणे महाग पडते, धान्य सडते, उंदीर खातात. खरे आहे. पण २०२० साली महामारीने सारा देश घरात कोंडला, तेव्हा ऐंशी कोटी माणसांना माणशी पाच किलो धान्य फुकट देता आले, ते याच महागड्या साठ्यांतून. त्याबरोबर दर कुटुंबाला जी किलोभर डाळ मिळाली, तिच्यामागे तुरीच्या २०१५ च्या धड्यानंतर, २०१६ मध्ये मंजूर झालेला वीस लाख टनांच्या डाळीच्या साठ्याचा निर्णय होता. डाळ साठविताना महामारीचे स्वप्नही कोणाला पडले नव्हते. एका संकटासाठी केलेली बेगमी दुसऱ्याच संकटात उपयोगी पडली. घरातली बाईसुद्धा पापड घालताना पाहुण्याचे नाव विचारीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे: ही भविष्यचित्रे म्हणजे गारेगार सभागृहांत बसून रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटविण्याचा नवा उद्योग नव्हे काय? आम्हांलाही ती भीती वाटते. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या सहाशेहून अधिक जिल्ह्यांच्या आकस्मिक पीक योजना तयार झाल्या आहेत. पाऊस पंधरा दिवस लांबला तर काय, महिना लांबला तर काय, सारे त्यात लिहिलेले आहे. मेहनतीचे, मोलाचे काम. पण आपल्या जिल्ह्याच्या त्या योजनेतले बाजरीचे किंवा हुलग्याचे बियाणे आज कोणत्या गोदामात किती क्विंटल पडले आहे, हे वाचकांनी एकदा आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारावे. उत्तर लगेच मिळाले तर बेगमी आहे. 'वरून येईल' असे उत्तर आले, तर आहे तो नुसता कागद.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि रोखठोक आहेत. प्रत्येक जिल्ह्याची चार चित्रे मृगाच्या आधी ग्रामसभांत वाचून दाखवावीत, आणि अमुक तारखेपर्यंत अमुक इतका पाऊस न झाल्यास अमुक गोदाम उघडेलच, त्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागणार नाही, असा नियम करावा. रेशनवर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळ हक्काने यावी, म्हणजे शेतात पुन्हा चार पिके येतील. कांद्याचा भाव कोठे गेला म्हणजे साठा बाहेर काढायचा आणि कोठे आला म्हणजे खरेदी करायची, हे हंगामाआधी छापून सांगावे आणि रात्रीतली बंदी कायमची बंद करावी. धरणात पाणी कमी पडले तर ते पहिल्याने कोणाचे आणि शेवटी कोणाचे, हे उसाची लावण होण्यापूर्वी ठरावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: ही चित्रे काढताना मांडी घालून कोण बसणार? केवळ सचिव आणि सल्लागार बसले, तर त्यांना दिसेल तेवढेच दिसेल. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बीडकडच्या बैलगाड्या आणि ट्रक ऊसतोडीला निघतात. पाणी आटले आणि ऊस कमी झाला तर, किंवा तोडणीची यंत्रे सरसकट आली तर, त्या कोयत्यांचे आणि त्यांच्या पोरांच्या शाळांचे काय, हा 'तर' कोणत्याही अहवालात आपण होऊन यायचा नाही. तो कोयता धरणाऱ्या बाईलाच ठाऊक असतो. तिला, रेशनच्या दुकानदाराला, बाजारसमितीतल्या हमाल-मापाड्याला, अंगणवाडीच्या ताईला त्या बैठकीत जागा हवी. दुष्काळ पहिल्याने त्यांना कळतो. वेधशाळेला मागाहून कळतो.

यंदाच्या दिवाळीत आपल्या ताटात जे वाढले आहे, ते कोणाच्या तरी शेतात एका अनिश्चित पावसावर आले आहे. पुढच्या दिवाळीला पाऊस कसा असेल, हे कोणी सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण मते मागायला जो कोणी दारात येईल, त्याला 'यंदा पाऊस कसा होईल' असे न विचारता 'नाही झाला तर आमच्या तालुक्यात कोणते गोदाम, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीशिवाय उघडेल' असे विचारणे आपल्या हातात आहे. उत्तर लेखी घ्यावे.